असू दे, लागलं तर: सॅक हलकी करण्याची माझी वही

पाच दिवसांच्या भटकंतीवरून परतले तेव्हा दोन्ही गुडघे सुजले होते. मी शेक घेत बसले होते आणि धाकटा भाऊ दारातली सॅक आत आणायला गेला. आधी एका हाताने उचलून पाहिली, मग दोन्ही हातांनी, मग हसत सुटला. "ताई, दगड गोळा करून आणलेस का गं?" आम्ही सॅक काट्यावर ठेवली. १३ किलो ४०० ग्रॅम. खाणं संपलेलं, पाणी संपलेलं, गॅस संपलेला, तरीही. म्हणजे निघताना मी १८ किलोच्या आसपास ओझं घेऊन चढ चढले होते, आणि माझं स्वतःचं वजन ५४ किलो.

दुसऱ्या दिवशी सगळं सामान जमिनीवर पसरलं आणि तीन ढीग केले. पहिल्यात रोज वापरलेल्या वस्तू. दुसऱ्यात वापरल्या नाहीत, पण प्रसंग आला असता तर ज्यांच्यावाचून जीवावर बेतलं असतं अशा. तिसऱ्या ढिगातली वस्तू भरताना मी प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हटलं होतं: असू दे, लागलं तर. दोन जादा शर्ट, जाड टॉवेल, दुसरी टॉर्च, चौदा पात्यांचा चाकू, आख्खी टूथपेस्ट, स्टीलचं ताट, एक जाडजूड कादंबरी. हा ढीग एकटाच ३ किलो ९०० ग्रॅम भरला. तो बाद करायला एक पैसाही लागला नाही.

तेव्हापासून एक वही ठेवली आहे. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. नवीन काही विकत घेण्याआधी स्वयंपाकघरातला लहान काटा काढा आणि एकेक वस्तू मोजून लिहा. पिशव्यांच्या पिशव्यासुद्धा मोजा. माझ्या स्लीपिंग बॅगेची दाबपट्ट्यांची थैली २१० ग्रॅमची निघाली, नाकापेक्षा मोती जड. अन्न, पाणी आणि इंधन सोडून सॅकमधल्या उरलेल्या सामानाचं जे वजन भरतं त्याला बेस वेट म्हणतात. ते साधारण ९ किलोच्या खाली आलं की लोक सॅक हलकी म्हणतात, साडेचारच्या खाली अतिहलकी. माझं आज ५ किलो ६०० ग्रॅम आहे. मला थंडी लवकर वाजते, त्यामुळे साडेचारच्या मागे मी लागत नाही.

वजन कमी करणं म्हणजे खर्च असं ज्यांना वाटतं त्यांना मी एमा गेटवूडबाईंची गोष्ट सांगते. १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, त्या अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल एकट्या चालून गेल्या. तीन हजार किलोमीटरहून लांब वाट. पायात कॅनव्हासचे साधे बूट, खांद्यावर घरी शिवलेली कापडी पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबू नव्हताच. तुम्ही असंच निघा असं मी म्हणत नाही. पण त्यांच्याकडे जे नव्हतं त्याची भर त्या कुठून काढत होत्या, हे पाहण्यासारखं आहे: चालण्याचा सराव, कुठे आडवं व्हायचं याची नजर, वाटेत भेटलेल्या माणसांकडे आसरा मागण्याचा मोकळेपणा. सॅकमधून एक वस्तू काढली की तिच्या जागी एखादी सवय किंवा माहिती भरावी लागते. ती न भरता नुसती वस्तू काढली की फजिती होते. माझी झाली, ती पुढे सांगते.

सर्वात जास्त वजन तीन गोष्टींत असतं: निवारा, अंथरूण-पांघरूण आणि खुद्द सॅक. यात सॅक सर्वात शेवटी घ्या. बहुतेक जण उलट करतात. ७० लिटरची सॅक आधी आली की ती भरेपर्यंत माणूस भरत राहतो. आधी बाकीचं सामान कमी करा, मग ते सगळं एका खोक्यात घालून आकार बघा. माझं ४५ लिटरमध्ये मावलं. पाठीला आधाराची चौकट नसलेल्या सॅक फार हलक्या असतात, पण खाण्यापाण्यासकट ८-९ किलोंच्या वर गेलं की त्या खांदे धरतात. माझ्या सॅकमध्ये बारीक चौकट आणि कमरपट्टा आहे. सॅक ९०० ग्रॅमची, आणि ती चौकट मी काढणार नाही.

निवारा आणि त्याहून महत्त्वाची जागा

माझा जुना तंबू दोन माणसांचा, दुहेरी कापडाचा, २ किलो ८०० ग्रॅम. मला शिवणकाम येतं, म्हणून मी अडीच बाय तीन मीटरचा टार्प, म्हणजे वर ताणायचं नुसतं छपराचं कापड, शिवला. सिलिकॉनचा थर दिलेलं नायलॉन वापरलं. दोऱ्या आणि आठ मेखांसकट तो ६०० ग्रॅमच्या आत बसला. खांब वेगळे नाहीत, चालायच्या काठ्यांवरच उभा राहतो. खाली अंथरायला पातळ जलरोधक कापड आणि डासांची जाळी, दोन्ही मिळून ३५० ग्रॅम. शिवणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. सुईच्या छिद्रांतून पाणी येतं, त्यामुळे शिवणीवरून सिलिकॉनच फिरवावं लागतं. शिवणीवर चिकटवायची साधी टेप सिलिकॉनच्या कापडाला धरत नाही. आणि हे नायलॉन पाणी पितं, रात्री ओलं झालं की सैल पडतं. म्हणून झोपण्यापूर्वी एकदा सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणायच्या. पॉलिएस्टर त्या मानाने कमी सैलावतं. डायनीमा या हलक्या, फार मजबूत धाग्याचं कापड पाणी पीतच नाही, पण त्याची किंमत ऐकून मी शिवणयंत्रावरचा हात काढून घेतला.

आता फजिती. टार्प घेऊन पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा एका पठारावर मला सुरेख जागा दिसली. सपाट, मऊ, एकही खडा नाही. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती पाठ गार लागल्यामुळे. मॅटच्या दोन्ही बाजूंना पाणी होतं आणि माझी एक चप्पल तरंगत टार्पबाहेर निघाली होती. वरून एक थेंबही गळला नव्हता, टार्पने आपलं काम चोख केलं होतं. ती जागा इतकी सपाट आणि मऊ का, हा प्रश्न मी विचारला नव्हता. साचलेल्या पाण्यातला बारीक गाळ खाली बसतो, म्हणून ती सपाट. दरवर्षी पाणी येऊन थांबतं ती जागा मी बिछान्यासाठी निवडली होती. बंद तळाच्या तंबूत ही चूक निदान सकाळपर्यंत झाकून राहिली असती.

तेव्हापासून उजेड मावळायच्या दोन तास आधी मी चालणं थांबवते आणि सॅक खाली ठेवून नुसती फिरते. आधी वर बघायचं: डोक्यावर वाळलेली, अडकून राहिलेली फांदी नको. मग खाली: पाला एका दिशेने वाहून गोळा झालेला, गाळाचा पापुद्रा, तडे गेलेली माती, हे सगळे पाण्याचे पत्ते आहेत. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तर कधीच नाही, पाऊस तुमच्यावर पडायची गरज नसते, वर कुठेतरी पडला तरी पुरतो. दरीच्या अगदी तळाशी गार हवा उतरून साचते. पन्नासेक फूट वर चढलं तरी फरक जाणवतो. खिंडीत वारा नळीतून आल्यासारखा घुसतो. उघड्या धारेवर विजेची भीती. राहिली मधली, उताराच्या अंगावरची, झाडांच्या कडेची पायरीसारखी जागा. झाडांखाली दवही कमी पडतं, कारण जमिनीची ऊब थेट मोकळ्या आभाळाकडे निघून जात नाही. दव आणि टार्पच्या आतल्या बाजूला जमणारं पाणी कमी हवं असेल तर पाण्यापासून लांब राहा आणि दोन्ही बाजू थोड्या उघड्या ठेवा.

पाण्यापासून निदान ६० मीटर, म्हणजे माझी ऐंशी पावलं. ते तुमच्या कोरड्या झोपेसाठी आहे, तसंच पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट मोकळी राहावी म्हणूनही. जिथे आधीपासून लोकांनी मुक्काम करून जमीन घट्ट झाली आहे, तिथेच उतरा. जिथे कुणाचीच खूण नाही, तिथे खडक, रेती किंवा सुकलं गवत बघा आणि एका रात्रीच्या वर राहू नका. तंबूभोवती चर खणायची जुनी पद्धत आता सोडा. जागा बरोबर असेल तर चर लागत नाही, आणि तो चर पुढची कित्येक वर्षं माती वाहून नेत राहतो.

मेख ठोकताना तिचं डोकं टार्पपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं ठेवा. जमीन भुसभुशीत असेल तर मेख आडवी पुरा किंवा वर दगड ठेवा. गाठ एकच शिका, ताण कमी-जास्त करता येणारी. दोरी मेखेमागून फिरवून आणा, मोकळं टोक ताणलेल्या दोरीभोवती फासाच्या आत दोन वेढे, मग फासाबाहेर एक वेढा घेऊन टोक त्याखालून ओढा. गाठ सरकवली की दोरी ताणते आणि सोडली की जागच्या जागी धरते. घरी खुर्चीच्या पायाला वीस वेळा बांधा. पावसात, अंधारात, गारठलेल्या बोटांनी बांधायची वेळ येणारच आहे.

झोप

स्लीपिंग बॅग कितीही चांगली असली तरी तुमच्या अंगाखाली ती दबते, आणि दबलेल्या भरणात, मग ते कृत्रिम असो वा पिसांचं, हवा राहत नाही. हवा नाही तर ऊब नाही. खालची थंडी मॅटच अडवते. मॅटची ही ताकद आर-व्हॅल्यू या आकड्यात मोजतात. उन्हाळ्याला १ ते २, वसंत-शरदाला ३-४, बर्फावर ५ किंवा जास्त. दोन मॅट एकावर एक घातल्या की आकड्यांची बेरीज होते, त्यामुळे थंडीत मी फुगवायच्या मॅटखाली फोमची पातळ मॅट घालते. फुगवायची फुटली तरी रात्र निघते. नुसती फोमची मॅट टिकाऊ आणि स्वस्त असते, पण माझ्या कुशीला ती आता चालत नाही.

खालची बाजू दबतच असेल तर ती घेऊन कशाला फिरायचं, या विचारातून क्विल्ट आला: वरून पांघरायचा, मॅटला पट्ट्यांनी अडकवायचा, खालून उघडा. माझा पिसांचा आहे, ८५० ग्रॅम. पिसांच्या फुलण्याचा एक आकडा असतो, ६५०, ८०० वगैरे. आकडा मोठा तितकी कमी पिसांत तेवढीच ऊब. ओली झाली की मात्र पिसं गोळा होऊन बसतात. कृत्रिम भरण जड असतं, पण ओलं झाल्यावरही थोडीफार ऊब राखतं. सतत पावसात जाणार असाल तर ते जादा वजन मुकाट्याने घ्या.

बॅगेवरच्या तापमानाच्या आकड्यांत लोक फसतात. प्रमाणित चाचणी झालेल्या बॅगेवर कम्फर्ट (आरामात झोप लागेल) आणि लिमिट (अंग आखडून कशीबशी लागेल) असे आकडे असतात. कधीकधी एक्स्ट्रीम असा तिसराही असतो, तो फक्त जगण्याची हद्द सांगतो, झोपण्याची नाही. स्त्रियांनी आणि थंडी वाजणाऱ्या सर्वांनी कम्फर्ट बघावा. दुकानात ठळक अक्षरांत बहुधा दुसराच लिहिलेला असतो. उंचीचा हिशेबही धरा: दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं.

झोपायचे कपडे वेगळे ठेवा आणि ते दिवसा कधीच घालू नका, कितीही मोह झाला तरी. एक जोड मोजे, एक बनियन, एक पायजमा. सकाळी पुन्हा ओले कपडे अंगावर चढवणं हा सगळ्या भटकंतीतला सर्वात नकोसा क्षण आहे. पण दहा मिनिटं चाललं की तो विसरतो, आणि रात्री कोरडे कपडे तुमची वाट पाहत असतात.

बाकी कपड्यांबद्दल थोडक्यात: सुती नको, ते ओलं झालं की अंगाची ऊब ओढून घेतं. चालताना अंगावर एक जोड, सॅकमध्ये फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचा अंगरखा), उबदार जॅकेट, पावसाळी जॅकेट, मोज्यांचा एक जादा जोड. संपलं. रेनकव्हर मी टाकून दिलं, कारण पाणी पाठीच्या बाजूने शिरतंच. त्याऐवजी सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, तिच्यात क्विल्ट आणि झोपायचे कपडे, तोंड पिळून दुमडून टाका.

चूल, पाणी, शिधा

माझं स्वयंपाकघर ५५० मिलिलिटरचं एक पातेलं, एक लांब चमचा आणि मुठीत मावणारा गॅसचा बर्नर. अर्धा लिटर पाणी उकळायला ७-८ ग्रॅम गॅस जातो. वारा असेल तर याच्या दुप्पटही. मी काहीही शिजवत नाही. उकळतं पाणी कोरड्या शिध्यावर ओतते, झाकते, फ्लीसमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवते. शिजण्याचं काम ऊबच करते, गॅस वाचतो.

थंडीत गॅस का रुसतो ते समजून घ्या. नळकांड्यात मिश्रण असतं. साधा ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. शिवाय वापरताना नळकांडं स्वतःच गार होत जातं आणि प्रोपेन आधी संपतो, म्हणून अर्धवट रिकामं नळकांडं थंड सकाळी दगा देतं. रात्री ते पांघरुणात घेऊन झोपा. वाऱ्याला आडोसा द्या, पण थेट नळकांड्यावर बसणाऱ्या बर्नरला चारी बाजूंनी वेढू नका, तापून स्फोट होऊ शकतो. आणि बंद तंबूत चूल पेटवू नका. आग लागण्याइतकीच भीती कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची आहे, आणि त्याला वास नसतो.

पाणी हा सॅकमधला सर्वात वजनदार माल: एक लिटर म्हणजे एक किलो. नकाशात पुढचं पाणी कुठे आहे ते बघून तेवढंच भरा आणि पाण्यापाशी बसून पोटभर प्या. पोटातलं पाणी खांद्यांना जाणवत नाही. पाण्याची खात्री नसेल तिथे मात्र तीन लिटर घ्या, हलक्या सॅकचा मान ठेवण्यासाठी तहानलेलं राहायचं नाही. पोकळ धाग्यांचा ०.१ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू आणि जियार्डियासारखे परजीवी अडवतो, विषाणू त्यातून निसटतात. हा फिल्टर एकदा ओला होऊन गोठला की आतले धागे तडकतात आणि बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून तोही पांघरुणात. गॅस, फिल्टर, फोन, मोजे: थंडीत माझ्या क्विल्टमध्ये माझ्यासाठी जागा शेवटी उरते. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या बहुतेक जंतूंना अर्ध्या तासात संपवतात, क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट परजीवीला चार तास लागतात. गोळ्यांचं वजन जवळजवळ नाहीच, म्हणून फिल्टरसोबत त्या ठेवतेच. उकळायचं असेल तर खळखळून एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं.

शिधा दिवसाला ६५० ग्रॅम धरते. ग्रॅममागे पिष्टाचे ४ कॅलरी, स्निग्धाचे ९, त्यामुळे दाणे, सुकामेवा आणि लहान बाटलीत तेल. प्रत्येक दिवसाचं वेगळं पुडकं बांधा, नाहीतर तिसऱ्या दिवशीच पाचव्याचं खाल्लं जातं. रात्री खाणं झोपायच्या जागेपासून लांब. जिथे अस्वलं आहेत तिथे त्या भागाचे नियम पाळा, अस्वलाला उघडता न येणारा डबा सांगितला असेल तर डबाच. जिथे नाहीत तिथे उंदीर आहेत. माझ्या सॅकच्या खिशाला त्यांनी पाडलेलं भोक मी रफू केलंय. खिशात फक्त रिकामा कागद होता, त्याला वास राहिला होता.

शौचाचं कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. पाणी, वाट आणि मुक्काम यांच्यापासून ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा. तेवढ्या वरच्या थरातल्या मातीत कुजवणारे जीव जास्त असतात. खूप खोल खणून उपयोग नाही. नंतर माती ओढून झाका. कागद वापरलात तर तो दुहेरी पिशवीत परत आणा, पुरलेला कागद जनावरं उकरतात. साबण 'निसर्गात विरघळणारा' असला तरी ओढ्यात नको. पातेल्यात पाणी घेऊन लांब जा, तिथे धुवा, ते पाणी जमिनीवर फेका. शेकोटी मी पेटवतच नाही. उबदार जॅकेट आहे.

कात्री कुठे लावू नये तेही लिहून ठेवलंय. जखमेची पट्टी, फोडांची टेप, औषधं. टॉर्च. कागदी नकाशा आणि होकायंत्र, फोन विमान मोडमध्ये ठेवून बॅटरी वाचवत असलात तरी. शिट्टी: तीनदा वाजवायची, थांबून पुन्हा तीनदा. आणि एक उबदार थर जो तुम्ही ओले, थकलेले, थांबलेले असताना पुरेल. शून्याच्या वर, पाऊस आणि वाऱ्यातही माणूस गारठून मरू शकतो. बर्फ लागत नाही. हा दुसरा ढीग आहे, याचं वजन ७००-८०० ग्रॅम होतं आणि मी त्याच्याकडे कात्री घेऊन बघतही नाही.

नवं सामान घेऊन थेट पाच दिवसांना निघू नका. एक रात्र घराजवळ, जिथून पहाटे तीनला उठून परत येता येईल अशा ठिकाणी, शक्यतो पावसाचा अंदाज असताना काढा. मला पाण्याने उठवलं ती रात्र घरापासून तासाभरावर काढली असती तर बरं झालं असतं.

परत आल्यावर टार्प सुकवा, क्विल्ट मोठ्या सैल पिशवीत मोकळा ठेवा, दाबून ठेवलेली पिसं फुलणं विसरतात. मग सामान पुन्हा तीन ढिगांत. वहीत प्रत्येक न वापरलेल्या वस्तूपुढे एक टिंब. लागोपाठ तीन टिंबं झाली की ती वस्तू घरी राहते, दुसऱ्या ढिगातली सोडून. मागच्या वर्षी फुगवायच्या उशीवर काट मारली होती, ७० ग्रॅम, तिच्याऐवजी जॅकेटची गुंडाळी. दोन रात्री मान अवघडली. आता त्या ओळीवरची काट खोडलेली आहे आणि शेजारी भावाच्या अक्षरात लिहिलंय: असू दे.